गाव काटोल-उमरेडकडे, मुक्काम नागपुरात: ‘मेरी पंचायत’ अ‍ॅप कितपत कामाचं?

नागपुरातल्या बऱ्याच घरांचा एक पाय अजून गावात असतो. काटोल, सावनेर, उमरेड, मौदा, रामटेक, कुही, कुठूनही सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. गावात वडिलोपार्जित घर असतं, आबादीतला एखादा प्लॉट असतो, म्हातारे आई-वडील असतात. पण गावात काय ठरलं हे कळतं ते नाली खोदून झाल्यावर, नाहीतर वाढलेल्या घरटॅक्सची पावती हातात पडल्यावर. केंद्र सरकारचं ‘मेरी पंचायत’ हे मोफत अ‍ॅप आणि त्याला माहिती पुरवणारं ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टल ही उणीव किती भरून काढतात, ते इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पैसा कुठे गेला हे बघायला हे साधन उत्तम आहे आणि प्रत्येक गावकऱ्याने ते वापरायला हवं. गावात पुढे काय ठरणार आहे हे कळायला मात्र ते पुरत नाही. त्यासाठी पंचायतीच्या भिंतीवरचा फलक लागतो आणि त्या फलकाचा नीट फोटो पाठवणारा एक माणूस लागतो.

ई-ग्रामस्वराज २४ एप्रिल २०२० ला, राष्ट्रीय पंचायतराज दिनी सुरू झालं. पंचायतीचा आराखडा, कामांची प्रगती आणि हिशेब, तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणणं हा त्याचा हेतू. तिथे पंचायतीने भरलेली माहिती मोबाइलवर वाचता यावी म्हणून ‘मेरी पंचायत’ आहे. पंचायतीने भरलं नाही तर अ‍ॅप रिकामं दिसणार. रिकामं पान दिसलं की लोक अ‍ॅप बिघडलं म्हणून ते काढून टाकतात, आणि खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

पहिली अडचण गाव सापडण्याची. राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत या क्रमाने निवडत जायचं असतं. नागपूर जिल्ह्यात गट ग्रामपंचायती बऱ्याच आहेत, म्हणजे दोन-तीन गावं मिळून एक पंचायत आणि नाव त्यातल्या एकाच गावाचं. आपलं गाव यादीत दिसलं नाही तर शेजारच्या गावाच्या नावाने शोधा. दुसरा घोळ स्पेलिंगचा. रोमन लिपीत मौदा दोन तऱ्हांनी लिहितात, सावनेरही. यावर पक्का उपाय म्हणजे पंचायतीचा एलजीडी कोड. प्रत्येक ग्रामपंचायतीला केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत हा स्वतंत्र क्रमांक असतो, तो एकदा विचारून वहीत लिहून ठेवला की नावाचा घोळच उरत नाही. तिसरी गोष्ट आर्थिक वर्षाची. एप्रिल-मे महिन्यांत चालू वर्ष उघडलं तर बहुधा काहीच दिसत नाही, कारण नव्या वर्षाचे व्यवहार सुरूच झालेले नसतात. आधी मागचं पूर्ण वर्ष बघा.

आता हिशेब. या साधनाची खरी किंमत इथे आहे. प्रत्येक व्यवहाराला व्हाउचर असतं आणि त्याच्या क्रमांकातच बरंच काही लिहिलेलं असतं: आधी योजनेचं संक्षिप्त नाव, मग आर्थिक वर्ष, मग एक अक्षर, मग अनुक्रम. ते अक्षर ‘आर’ असेल तर पैसा आला, ‘पी’ असेल तर पैसा गेला. वर्षभराची ‘पी’ व्हाउचरं तारखेने लावून बघितली की गावाचा वर्षाचा खर्च डोळ्यांसमोर येतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात व्हाउचरांची गर्दी दिसली तर त्यातली कामं गावात जाऊन बघण्यासारखी आहेत, असं समजा. गर्दी दिसली म्हणजे घोटाळा झाला असं नाही. पण घाईत झालेल्या कामाचं सिमेंट किती दिवस पाण्याने भिजवलं हे विचारायला हरकत नाही.

एक गैरसमज फार लोकांचा होतो, तो आधी दूर करायला हवा. समजा आराखड्यात नाली बांधकाम ३ लाखांचं दिसतं आणि ठेकेदाराच्या नावचं व्हाउचर २ लाख ७० हजारांचं. लगेच ग्रुपवर मेसेज फिरतो की ३० हजार खाल्ले. बहुतेक वेळा तसं नसतं. बिलातून आयकराची कपात होते, ठेकेदार एकटा असेल तर १ टक्का, फर्म असेल तर २ टक्के. कराराची रक्कम अडीच लाखांच्या वर असेल तर २ टक्के जीएसटी कापला जातो. बांधकाम कामगार उपकराचा १ टक्का असतो. सुरक्षा ठेव वेगळी राखून ठेवतात. शिवाय निविदा अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने गेलेली असू शकते. म्हणून व्हाउचरची तुलना अंदाजपत्रकाशी करू नका, मोजमाप पुस्तिकेशी करा. ही पुस्तिका, सगळे तिला एमबी म्हणतात, शाखा अभियंता भरतो आणि ती अ‍ॅपवर नसते. किती मीटर नाली, किती रुंद, किती खोल, हे एमबीत लिहिलेलं असतं. टेप घेऊन तीच नाली मोजायला पाऊण तास लागतो. अ‍ॅपने आरोप करण्याइतकी माहिती दिली असं वाटतं, पण ती प्रश्न विचारण्याइतकीच असते.

दुसरी बघण्याची गोष्ट म्हणजे पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्च झाला. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असा वाटला गेला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, गावाच्या इतर गरजांसाठी, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. म्हणजे बंधित निधीच्या व्हाउचरवर कमान किंवा सिमेंट रस्ता दिसला तर ग्रामसभेत उभं राहून विचारण्याचं कारण तुमच्याकडे आहे. शोषखड्डा, नाली, पाइपलाइन, हातपंप दुरुस्ती दिसली तर ते रास्त आहे.

काही पंचायतींचं पान दोन-तीन महिने अगदी सुनं असतं. त्याचं नेहमीचं कारण डिजिटल स्वाक्षरी. या निधीचं पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय जात नाही. एकाची मुदत संपली, अधिकाऱ्याची बदली झाली, सरपंच बदलला, की नव्या स्वाक्षरीची नोंद होईपर्यंत सगळं थांबतं. कामं चालू असतात, ठेकेदार उधारीवर असतो आणि अ‍ॅपवर शुकशुकाट. मग एकाच दिवशी सात-आठ व्हाउचरं निघतात. तारखा बघून निष्कर्ष काढताना हे ध्यानात ठेवा.

अ‍ॅपवर जे पुरतं दिसत नाही ते पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. घरटॅक्स, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी यांतून काय आलं आणि कुठे गेलं याचा खरा हिशेब पंचायतीच्या नमुन्यांच्या रजिस्टरांत असतो. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची यादी, नमुना ९ म्हणजे कर मागणीचं रजिस्टर, नमुना १० म्हणजे पावती. नागपुरात राहणाऱ्यांना सगळ्यात जास्त फटका नमुना ८ मुळे बसतो. दर ४ वर्षांनी फेरआकारणी होते, नवी यादी फलकावर लागते, हरकतीसाठी मुदत मिळते आणि मुदत गेली की आकडा पक्का. घर पाडून मोकळी जागा झाली तरी बांधकामाचा कर चालू राहतो, किंवा मातीच्या घराला आरसीसीचा दर लागतो, तो असाच. बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि भोगवटादाराचं नाव, नमुना ८ वर या तीन रकान्यांवर बोट ठेवून वाचा.

आणि नागपूरच्या आसपास लेआउटमध्ये प्लॉट घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी: नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही. तो कर कोणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो. मालकी बघायची तर सातबारा, गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका किंवा स्वामित्व योजनेतली सनद. महानगर क्षेत्रातल्या गावांत बांधकामाची परवानगी एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे, पंचायतीच्या पत्रावर घर उभं करू नका.

आता बातमीचा भाग, जिथे अ‍ॅप कमी पडतं. कायद्याने वर्षातून किमान ४ ग्रामसभा व्हायला हव्यात. नोटीस ७ दिवस आधी लागायला हवी. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. मोठे निर्णय नेमके या दुसऱ्या सभेत पंधरा-वीस माणसांच्या हजेरीत होतात. म्हणून तहकुबीची नोटीस मूळ नोटिशीपेक्षा महत्त्वाची आहे, आणि तीच कोणी वाचत नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिची तारीखही त्याच कागदावर शोधा. अ‍ॅपमध्ये सभेची माहिती दाखवण्याची सोय आहे, पण पुन्हा तेच: कोणी भरली तर दिसणार. त्यावर विसंबून सुटी टाकू नका.

हेही स्पष्ट असू द्या की ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचं नाव त्या गावच्या मतदार यादीत आहे. घरटॅक्स गावात भरता आणि मत नागपुरात देता, तर सभेत तुमचं मत धरलं जाणार नाही. अशा लोकांनी घरातल्या मतदार माणसामार्फत लेखी विषय द्यावा आणि पोच घ्यावी.

तुलनेसाठी इंग्लंडच्या खेड्यातली पॅरिश कौन्सिल बघण्यासारखी आहे, कारण आकाराने ती आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळची. १८९४ च्या कायद्याने तिचा जन्म झाला. तिच्याकडे पैसा आणि अधिकार आपल्या पंचायतीपेक्षा फार जास्त नाहीत. मैदान, बसथांब्याचा निवारा, दफनभूमी, बाक असली कामं. सदस्य बहुधा बिनपगारी, आणि कारभार बघणारा क्लर्क कितीतरी ठिकाणी अर्धवेळ. पण कळवण्याची शिस्त बघा. बैठकीची नोटीस ३ पूर्ण दिवस आधी पॅरिशमध्ये ठळक जागी लागलीच पाहिजे. वर्षाला २५ हजार पौंडांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या कौन्सिलांना विषयपत्रिका ऑनलाइन टाकावी लागते, इतिवृत्ताचा मसुदा महिन्याभरात टाकावा लागतो आणि १०० पौंडांवरचा प्रत्येक खर्च जाहीर करावा लागतो. शिवाय दर वर्षी सलग ३० कामाचे दिवस हिशेबाची वही कोणाही रहिवाशाला बघायला खुली असते, आणि त्यात जुलैचे पहिले १० कामाचे दिवस यावेच लागतात. तारखा आधी ठरलेल्या असल्यामुळे मागायला जावं लागत नाही. मतदारांची वार्षिक सभाही १ मार्च ते १ जून या काळातच घ्यावी लागते. आपल्याकडे ग्रामसभेला नोटिशीचे ७ दिवस आहेत, त्यांच्या ३ पेक्षा जास्त. व्हाउचर तर आपलं मोबाइलवर दिसतं. कमी पडतो तो इतिवृत्ताचा कागद. सभा झाली, ठराव झाला, ठरावाचा मजकूर कुठे? केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सभासार’ हे साधन आणलं आहे, ते सभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा तयार करतं. ते वापरून ठराव आठवड्याभरात अ‍ॅपवर आले तर या परीक्षणातला मोठा दोष निघून जाईल.

तोवर फलक. पंचायत कार्यालयाची पश्चिमेची भिंत फलकासाठी सगळ्यात वाईट. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पांढरा कागद आठवड्यात पिवळा होतो आणि शिक्क्याची जांभळी शाई उडून जाते. पावसाळ्यात इंकजेटवर काढलेली प्रिंट ओल धरते, अक्षरं पसरतात, आणि वाचायला उरतं ते फक्त ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की’. यावर उपाय महागडा नाही. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स लावायची, शाई फुटत नाही. फलक उत्तरेच्या भिंतीला किंवा व्हरांड्यात, काचेच्या कुलूपबंद चौकटीत. काचेच्या वरच्या कडेला पत्र्याची चार बोटं पट्टी बाहेर काढायची म्हणजे पाणी आत ओघळत नाही. उंची अशी की मधली ओळ उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर यावी. आणि जुने कागद काढायचे. फलक न वाचण्याचं पहिलं कारण मागच्या दिवाळीची नोटीस तिथेच लटकलेली असणं हे असतं.

फलकाचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्यांनी चार गोष्टी फोटोत येतात की नाही ते बघावं: जावक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का. या नसतील तर तो फोटो म्हणजे नुसती ऐकीव बातमी. गेल्या वर्षीची नोटीस नव्या तारखेने फिरते ती तारखेचा कोपरा कापलेल्या फोटोमुळेच. फोटो सरळ समोरून काढा, काचेवर चमक येत असेल तर एक पाऊल बाजूला सरका, पूर्ण पान एका फोटोत आणि विषयांची यादी दुसऱ्या फोटोत. म्हाताऱ्या माणसांसाठी दवंडी, आपल्याकडे कुठे कुठे मुनादी म्हणतात ती, अजूनही सगळ्यात भरवशाची. पाणी कोणत्या वॉर्डात किती वाजता येणार हे फोनपेक्षा शिपायाच्या आवाजातच लवकर कळतं.

हवामानाचा भाग मात्र या अ‍ॅपमध्ये मनापासून आवडण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून हवामान खात्याच्या मदतीने ग्रामपंचायत पातळीवरचा ५ दिवसांचा अंदाज इथे मिळतो: तापमान, पाऊस, वारा, आर्द्रता, ढग. काटोल-नरखेडच्या संत्रा बागेत फवारणी कधी घ्यायची, उमरेडकडे कापूस वेचायला माणसं कोणत्या दिवशी लावायची, यासाठी वारा आणि पावसाचे रकाने कामाला येतात. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीसाठी मात्र यावर राहू नका. गारांचा ढग दोन-तीन तासांत बनतो, पाच दिवस आधी तो गावनिहाय सांगता येत नाही. त्यासाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा त्या-त्या वेळचा इशारा, आणि विजेसाठी ‘दामिनी’ हे वेगळं अ‍ॅप.

दाखले ‘मेरी पंचायत’वर मिळत नाहीत, त्यासाठी ‘आपले सरकार’ किंवा पंचायतीतलं सेवा केंद्र. सेवा हमी कायदा २०१५ प्रमाणे जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदीचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला आणि नमुना ८ चा उतारा ५ दिवसांत, प्रत्येकी २० रुपयांत मिळायला हवा. दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला निःशुल्क, निराधार असल्याचा दाखला निःशुल्क आणि मुदत २० दिवस. अर्जाची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पोचेवरच्या तारखेपासूनच दिवस मोजले जातात, आणि तोंडी सांगितलेल्या अर्जावर अपील होत नाही.

अ‍ॅप, फलक, ग्रुप, तिन्हीकडे ठराव सापडला नाही तर माहिती अधिकार. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकारी ग्रामपंचायत अधिकारीच. ‘पंचायतीच्या सर्व कामांची माहिती द्या’ असं लिहिलं तर उत्तर लांबतं किंवा कार्यालयात येऊन बघा असं पत्र येतं. त्याऐवजी अ‍ॅपवरून उचललेला व्हाउचर क्रमांक आणि तारीख लिहा, आणि त्या एका कामाची चार कागदपत्रं मागा: ठराव, अंदाजपत्रक, एमबीच्या नोंदीची प्रत, काम पूर्णत्वाचा दाखला. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. अर्ज हातोहात देत असाल तर दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का घेऊन या. नागपुरातून पाठवत असाल तर साध्या टपालाने नको, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह.